परतीच्या जोड्यांची मापवही

१

सैन्य उभे करणे हे राजकारण्यांचे काम आणि ते पोसणे हे व्यापाऱ्यांचे. परंतु युद्ध संपल्यावर त्या सैन्याला सन्मानाने घरी पोचवणे हे कोणाचे काम, याविषयी जगात एकमत नाही. ज्या हाताने चार वर्षे घास पुरवला, त्याच हातावर शेवटच्या माणसाच्या पायांत जोडा घालण्याचे उत्तरदायित्व राहते, असे म्हणणे न्यायाला धरून होईल. आपल्याकडे निरोपाच्या दानांत छत्र आणि उपानह, म्हणजे पायांतले जोडे, यांना मान आहे, तो उगाच नव्हे. वाटेला लागणाऱ्याला प्रथम काय लागते, हे पूर्वजांनी पाहिले होते. त्या जोड्याच्या आड जो येतो तो नुसते चामडे चोरत नाही. तो चालणाऱ्याची वाट चोरतो.

असा एक प्रसंग गेल्या हिवाळ्यात शारजाच्या औद्योगिक भागात, बदरुद्दीन परकार यांच्या पेढीत घडला. तांबड्या समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ देशात (त्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही) क्रांतिकारकांनी जुलमी राजवटीशी चार वर्षे युद्ध केले. त्यांच्या छावण्यांना तांदूळ, मसूर, खजूर आणि कांबळी बदरुद्दीनशेठांनी पुरवली. शस्त्राला मात्र कधी हात लावला नाही. क्रांती सिद्धीस गेली, नवे शासन आले, आणि तीन हजार शंभर जणांचे ते सैन्य विसर्जित करण्याचा करार झाला. रीत अशी ठरली, की प्रत्येक सैनिकाने शस्त्र खाली ठेवायचे आणि आपल्या क्रमांकाचे गाठोडे उचलायचे. त्यात पायाच्या मापाचे जोडे, कांबळे, एक पातेले आणि पेरणीपुरते ज्वारीचे बी. गाठोड्याबरोबर परदेशी निरीक्षक मंडळाच्या हातून मुक्ततेचा कागद मिळणार होता. गाठोडे नाही तर कागद नाही. आणि महिना सरल्यावर कागदाशिवाय जो सापडेल तो दरोडेखोर गणला जाणार होता.

कोणत्या क्रमांकाच्या पायाला कोणते माप, हे एकाच वहीत लिहिलेले होते. मंगळवारी सकाळी पोलादी कपाट उघडले तेव्हा ती वही तेथे नव्हती. संगणकातील तिची प्रतही पुसलेली निघाली. जहाज शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर सुटणार होते.

कपाटाची किल्ली उझमाकडे असे. उझमा ही शेठांच्या दिवंगत चुलतभावाची मुलगी, सव्वीस वर्षांची, पेढीत कारकून. पेढीचे व्यवस्थापक सत्यजित रणनवरे यांनी तिचा व्हिसा त्याच दिवशी रद्द करावा असा आग्रह धरला. तेव्हा शेठांनी बापू खांबेटे यांना बोलावले. बापूंनी चाळीस वर्षे बंदरांवर बिघडलेल्या मालाची तपासणी केली होती. भिजलेले पोते पाहून पाणी जहाजात शिरले की गोदामात, हे ते सांगत. निवृत्त होऊन ते अल मजाजला कन्या रुचाकडे राहत, आणि खालिद सरोवराच्या काठी रोज सकाळी शेठांबरोबर फिरत.

"बापू, पोरीला बाप नाही," शेठ म्हणाले. "व्हिसा गेला की थोड्या दिवसांत तिला श्रीवर्धनला परतावं लागेल, आणि तेही चोर म्हणून. तिच्या आईला, शहरबानू भाभीला, तोंड मला दाखवायचंय. तिनं केलं असेल तर तसं सांगा. नसेल केलं, तर शुक्रवारच्या आत सांगा."

बापूंनी विचारले, की ही वही कोणाला जड झाली होती?

शेठांनी तोंड उघडले, आणि मेजाचा एक खण हलकेच लोटून बंद केला.

२

पेढीचे कार्यालय गोदामातच, लोखंडी जिन्यावरच्या माळ्यावर होते. उझमा शांत होती. परंतु तिची शांतता निरपराध माणसाची नव्हती, काही झाकून ठेवलेल्या माणसाची होती, असे बापूंना वाटले. वही तिने सोमवारी दुपारी शेवटची पाहिली. नमाजाला जाताना ती किल्ली खणात ठेवी, आणि हे साऱ्या कार्यालयाला ठाऊक होते. वही कोणी मागितली होती का, असे विचारल्यावर तिने मेजर इद्रिस यांचे नाव घेतले. नव्या शासनाचे हे प्रतिनिधी बर दुबईत उतरले होते, आणि गेल्या आठवड्यात ते दोनदा वही मागून गेले होते.

"आणि शेठजींनी?" बापूंनी सहज विचारले.

तिने वर पाहिले. "बापूकाका, तुम्ही शेठजींचे दोस्त आहात. मला हे विचारू नका."

सत्यजित मात्र मोकळेपणाने बोलले. आठ महिन्यांपूर्वीच ते सिलिकॉन ओएसिसमधील एका कंपनीतून या पेढीत आले होते. कामाचा उरक मोठा, बोलण्यात लपंडाव नाही. मापांशी आपला संबंध नव्हता, आपण फक्त संगणकावरचा तक्ता पाहत असू, असे त्यांनी सांगितले.

"मापं घेतली कशी होती?" बापूंनी विचारले.

"टेपनं घेतली असतील, काका. गोदामातला हमीद गेला होता छावण्यांत, त्याला विचारा. मला काय त्याचं? आज सकाळी वही नाही म्हटल्यावर मी लगेच प्लॅन बदलला. सगळ्यांना स्टँडर्ड साइज, चाळीस ते पंचेचाळीस. लेबलंही छापून चिकटवली. जहाज थांबत नाही. यल्ला, विषय खलास."

बापू जिना उतरून खाली आले. खोकी ओळीने रचलेली होती. जुनी सवय म्हणून त्यांनी प्रत्येक ओळीतले एक लेबल वाचले. मजकूर, नग, साइज, आणि तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव व शनिवारची तारीख. फाटलेले एक लेबल त्यांनी खिशात घातले. तांदळाच्या पोत्यांमागे अठरा लहान खोकी मात्र लेबलाविना पडली होती. त्यांत छत्तीस, सदतीस आणि अडतीस मापाचे जोडे होते. माळ्यावरून सत्यजित वाकून म्हणाले, की ती पुरवठादाराची चूक आहे, लेडीज साइज पाठवले गधड्यांनी, परत जातील.

एकाच पुरवठादाराने अठरा वेळा तीच चूक करावी, हे बापूंना पटले नाही.

३

बुधवारी सकाळी बापू अब्रातून, म्हणजे तिथल्या लाकडी होडीतून, खाडी ओलांडून बर दुबईला गेले. मेजर इद्रिस धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवर बसले होते. उंच, कृश, चाळिशीचा मनुष्य. डावा पाय गुडघ्याखाली लाकडी. तरुणपणी तीन वर्षे पुण्यात शिकल्यामुळे त्यांची हिंदी चांगली होती, आणि मराठीतल्या शिव्या त्याहून चांगल्या, असे त्यांनीच सांगितले.

वही कशासाठी हवी होती, या प्रश्नावर त्यांनी अब्रांकडे नजर वळवली. मग, सरकारी तपासणीसाठी, एवढेच म्हणाले. उत्तर खोटे होते आणि त्यांना खोटे बोलण्याचा सराव नव्हता.

बापूंनी विषय बदलला. तुमचेही माप घेतले का, असे विचारले. मेजरांचा चेहरा उजळला. हमीद त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला, एक काडी पायाखाली धरली, कच्चकन मोडली, आणि दुसऱ्या पायाकडे पाहून गोंधळला. तेव्हा मेजर त्याला म्हणाले होते, "एकच घे, हबीबी. जोडीतला दुसरा जोडा तुझ्या शेठकडे ठेव. लढाई मला पुन्हा बोलावू लागली तर तो मला गेलेल्या पायाची आठवण करून देईल."

"काडी?" बापूंनी विचारले.

"गवताची की झाडाची, तुम्हालाच ठाऊक. तुमच्याच मुलखाची रीत आहे म्हणाला." मग मेजर आवाज खाली आणून बोलले. "साहेब, आमचे क्रमांक सलग नाहीत, तुकडीगणिक वेगळे. चार हजारांपासून पुढचे आहेत ना, ते सगळे बायकांच्या तुकडीचे. दोनशे बारा. माझा पाय गेला त्या दिवशी चार हजार एकतीस क्रमांकाच्या बाईनं मला खांद्यावर घालून डोंगर उतरवला. आता राजधानीत म्हणतात, त्या स्वयंपाकिणी होत्या. सैन्यात बायका नव्हत्याच. करारावर सही झाली तेव्हा त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. लेखी पुरावा म्हणून उरली होती ती फक्त तुमची वही."

"ती तुम्ही घेतलीत?"

"घ्यायला गेलो होतो," मेजर म्हणाले. "निरीक्षक मंडळाच्या हाती द्यायला. पण माझ्या आधी कोणीतरी पोचलं."

४

हमीद मुकादम चार दिवस बंदरावर दुसरा माल भरत होता; तो बुधवारी दुपारी गोदामात आला. मूळचा मुरूडचा, पन्नाशीचा, अखंड बोलणारा. वही हरवल्याचे ऐकून तो हसला, आणि या प्रकरणात हसणारा तो पहिलाच.

"बापू, वही हरवली म्हणजे काय झालं? ती नक्कल. अस्सल तर जिन्याखाली आहे."

मग त्याने जे सांगितले ते कोकणच्या किनाऱ्यावरील कोणत्याही घरात कळले असते. पूर्वी घरधनी बोटीवर किंवा आखातात असे. त्याने पोरांसाठी जोडे आणावेत, तर घरच्या बाईला माप कोठून ठाऊक? ती माडाच्या झावळीचा एक हीर घेई, म्हणजे ज्याचा आपण खराटा बांधतो ती काडी. पोराच्या पायाखाली धरून ती टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोडी आणि पत्राबरोबर पाठवी. बाप बर दुबईच्या दुकानात हीर जोड्यात घालून पाही. बसला तर जोडा बसला. बदरुद्दीनशेठांचे लहानपणचे सारे जोडे असेच आले होते. छावण्यांतून लेखी यादी आणि फोन बाहेर नेण्यास मनाई होती, तेव्हा शेठांनीच हमीदला हिरांचे भारे देऊन पाठवले. सहा आठवड्यांत त्याने तीन हजार शंभर हीर मोडले, प्रत्येकाला चिकटपट्टी लावून तिच्यावर क्रमांक घातला, आणि तुकडीगणिक जुड्या बांधल्या. पहारेकऱ्यांनी काड्या पाहिल्या आणि जाऊ दिल्या. उझमाने पुढे इतर कामे सांभाळून महिनाभर एकेक हीर पट्टीवर मोजून वही लिहिली.

शेठ शेजारीच उभे होते. ते पुटपुटले, की काम झाल्यावर हीर टाकले असतील असेच आपण धरून चाललो होतो.

"टाकतोय कशाला? गोणपाटात भरून ठेवलेत," असे म्हणत हमीद जिन्याखाली वाकला.

तेथे धुळीत गोणपाटाचा चौकोनी ठसा होता. गोणपाट नव्हते.

हमीदचे हसू मावळले. हिरांचे मोल फक्त कोकणच्या माणसाला ठाऊक, आणि पेढीत कोकणची माणसे तीनच : शेठ, हमीद आणि उझमा.

५

बापूंनी कोणावरही दृष्टी रोखली नाही. ते बाहेर जाऊन झाडलोट करणाऱ्या महादूजवळ बसले. महादू नांदेडकडचा, त्याला कोणी काही विचारीत नसे, म्हणून त्याला बरेच ठाऊक असे. जिन्याखालचे गोणपाट कधी गेले, या प्रश्नाचे उत्तर त्याने लगेच दिले. मंगळवारी दुपारी रणनवरेसाहेबांचा पाय त्याला अडखळला. साहेब रागावले, खराट्याच्या काड्यांचा हा कचरा कशाला साठवलाय, जेवण झालं की फेकून दे, म्हणाले. महादू जेवून आला तोवर उझमाबाईंनी ते टॅक्सीत घालून नेले होते.

"मंगळवारी दुपारी, हे नक्की?"

"वही गेली म्हणून बोंब झाली, त्याच दिवशी, बापू. सकाळी बोंब, दुपारी गोणपाट."

उझमा अल मजाजला सुरैय्याआपांच्या घरी खोली घेऊन राहत असे. बापू तेथे पोचले तेव्हा सुरैय्याआपांनी त्यांना सज्जात बसवले. सज्जाच्या भिंतीला खराटे टेकवलेले होते, सुमारे तीस, वीतभर उंचीचे, प्रत्येक काडीला पांढरी पट्टी.

"आपा, एवढ्या बुटक्या खराट्यानं केर काढायचा म्हणजे कंबर मोडेल," बापू म्हणाले.

"मीही तेच म्हटलं. म्हणते, राहू द्या शुक्रवारपर्यंत. हिच्या डोक्यात काय असतं ते अल्लालाच ठाऊक."

दारात उझमा उभी होती. तिने काही नाकारले नाही. शेठांच्या मेजावर तिने दहा दिवसांपूर्वी राजधानीहून आलेले एक पत्र पाहिले होते : बायकांचे क्रमांक वगळावेत, पुढील पाच वर्षांचा पुरवठा याच पेढीकडे राहील. मग वही गेली.

"मला वाटलं, शेठजींनीच," ती म्हणाली. "त्यांनी मला वाढवलं, बापूकाका. त्यांच्यावर आरोप कसा करू? चोर मी ठरले तरी चालेल, म्हटलं; हीर शुक्रवारी धक्क्यावर माल तपासायला येणाऱ्या निरीक्षकांच्या हातात देईन आणि गावी जाईन."

६

त्याच संध्याकाळी माळ्यावर सारे जमले. मेजरही आले. बापूंनी हिरांची एक जुडी मेजावर ठेवली, आणि सत्यजितांकडे पाहून विचारले, की हे काय आहे?

"खराटा," सत्यजित म्हणाले. "महादूला फेकायला सांगितलेला."

बापू सावकाश बोलले. "वही नाहीशी करणाऱ्याला मापं कायमची पुसायची होती. त्यानं कपाट उघडलं, संगणक पुसला. सारं काळजीपूर्वक केलं. पण अस्सल मापं जिन्याखाली उघड्यावर ठेवून तो निघून गेला. मंगळवारी दुपारी, म्हणजे चोरीनंतर, गोणपाट तिथंच होतं; महादूनं पाहिलं. शेठनी चोरी केली असती तर हीर टाकल्याची खात्री त्यांनी आधी केली असती, कारण ही रीतच त्यांची. हमीदनं ते मोडले, उझमानं मोजले. मेजरांचं तर स्वतःचं माप काडीनं घेतलेलं. या चौघांपैकी कोणीही प्रथम हीर जाळले असते आणि मग वहीकडे वळले असते. या पेढीत एकाच माणसाला वाटत होतं, की मापं टेपनं घेतली. त्याचा पाय हिरांना अडखळला, तरी त्याला तो कचरा वाटला."

सत्यजित म्हणाले, की अज्ञान हा काही पुरावा नव्हे.

"नव्हे," बापूंनी मान्य केले, आणि खिशातले लेबल त्यांच्यापुढे सरकवले. "तुम्ही म्हणालात, मंगळवारी वही गेली म्हणून प्लॅन बदलला. सोमवारी दुपारी वही कपाटात होती. हे लेबल शनिवारी छापलंय. वही जाणार, हे तुम्हाला शनिवारीच ठाऊक होतं."

शेठांनी मेजाचा तो खण उघडून राजधानीचे पत्र बाहेर काढले. आपण त्याला उत्तर दिले नव्हते, देणारही नव्हतो. परंतु कोणाला दाखवलेही नाही, आणि ही आपली चूक, असे ते म्हणाले. पत्राची प्रत सत्यजितांनाही आली होती. शेठ गप्प राहिले, तेव्हा निर्णय सत्यजितांनी स्वतः घेतला. वही खालिद सरोवराच्या तळाशी होती, हेही त्यांनीच सांगितले.

"काका, मी कोणाच्या ताटातलं काढलं नाही," सत्यजितांचा आवाज प्रथमच उतरला. "चाळीस माणसं आहेत पेढीत. युद्ध संपलं की आपलं काम संपतं, हे कोणी बोलत नव्हतं. दोनशे बारा जोड्यांसाठी या सगळ्यांना घरी पाठवायचं का?"

उत्तर मेजरांनी दिले. त्यांनी जुडीतून चार हजार एकतीस क्रमांकाचा हीर काढला आणि सत्यजितांच्या तळहातावर ठेवला. तो त्या पंजाहून जेमतेम दोन बोटे लांब होता.

"या पायावर दोन माणसांचं वजन होतं, साहेब," ते म्हणाले. "एक तिचं. एक माझं."

सत्यजितांनी मूठ मिटली नाही, आणि हीर खालीही ठेवला नाही.

७

गुरुवारी सकाळपासून गोदामाचे दार उघडे ठेवून, उन्हाच्या उजेडात, वही नव्याने लिहिली गेली. हमीद हीर काढी आणि क्रमांक वाची, बापू पट्टीवर धरीत, उझमा लिही. पोत्यांमागची अठरा खोकी पुढे आली. त्यांतले जोडे गाठोड्यांत बांधायला शेठांनी सत्यजितांना बसवले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. राजीनामा त्यांनी आदल्या संध्याकाळीच दिला होता, आणि शेठांनी शुक्रवारनंतर वाचीन म्हणून तो बाजूला ठेवला होता. शेवटच्या गाठी मारताना सत्यजितांची बोटे सोलवटली. महादूने न विचारता त्यांना पाणी आणून दिले.

उझमा शेठांसमोर जाऊन उभी राहिली आणि आपल्या संशयाची क्षमा मागू लागली. शेठांनी तिला पुरे बोलू दिले नाही. पत्र लपवणाऱ्या बापावर मुलीने संशय घेतला तर त्यात मुलीचा दोष नाही, असे ते म्हणाले, आणि कपाटाची दुसरी किल्लीही तिच्या हाती दिली. राजधानीच्या पत्राला त्यांनी त्याच दिवशी उत्तर लिहिले. त्यात एकच वाक्य होते : माल तीन हजार शंभर गाठोडी, कमी नाही.

शुक्रवारी नमाजानंतर जहाज सुटले. वहीची एक प्रत निरीक्षक मंडळाकडे गेली, आणि मेजर त्याच जहाजाने परतले. त्यांच्या गाठोड्यात उजव्या पायाचा एकच जोडा होता. डावा शेठांच्या मेजावर राहिला आहे, नवा कोरा, आणि त्यात हमीदने मोडलेला हीर उभा आहे. त्याची गरज कधी पडू नये, एवढीच मेजरांची इच्छा.

धक्क्यावर बापू टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि जहाज दिसेनासे होईपर्यंत हलले नाहीत. ते मनात जे म्हणाले ते असे : ज्यांनी शस्त्र खाली ठेवले त्यांच्या हातांना नांगर सापडो. ज्या बायका डोंगर उतरून येतील त्यांना कोणी नाव विचारले तर ते मोठ्याने सांगता येवो. ज्याने वाट अडवली त्यालाही घरी जाण्यापुरती वाट राहो. आणि जे आज चालत निघाले आहेत, त्यांच्या पावलांखाली भूमी मऊ होवो.